जुळलेलं हाड

"हाड छान जुळलंय!" एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. मी आनंदानं अण्णांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले आणि काठी चाचपू लागले.

माझे अण्णा बाजार समितीत हमाल. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझी फी त्या पाठीवरूनच आलेली. मी पहिल्या वर्षाला असताना, ऐन सोयाबीनच्या हंगामात, पोत्यांची थप्पी त्यांच्या डाव्या पायावर कोसळली. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं.

ऑपरेशन करून हाडाच्या पोकळीत लांब सळई बसवली. १९४० साली गेऱ्हार्ड कुंट्शर या जर्मन शल्यवैद्यानं ही पद्धत जगापुढे मांडली, असं मी पुढे वाचलं. त्यापूर्वी असे रुग्ण पायाला वजनं लटकावून महिनोन्‌महिने खाटेवर पडून असत. अण्णा मात्र थोड्याच दिवसांत वॉकर धरून उभे राहिले. डॉक्टरांनी समजावलं, नडगीच्या पुढच्या बाजूला मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड. रक्तपुरवठा कमी, म्हणून जुळायला वेळ लागतो. विडी ओढाल तर आणखी लांबेल. पंचवीस वर्षांची विडी अण्णांनी त्या दिवशी सोडली.

ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. पण घरी बसलेल्या दिवसांची मजुरी कोणत्या योजनेत असते?

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. आमचं सारं आयुष्य जमिनीवरचं! जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, संडासही उकिडवं बसण्याचा. अण्णांना यातलं काहीच जमेना. सुतारानं एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं. खाली ठेवलेलं भांडं आई रोज उचलायची. तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे तोंड करून बसायचे. पायाच्या दुखण्यावर गोळ्या होत्या. या दुखण्यावर कुणी काही लिहून दिलं नव्हतं.

माझ्या मनात काहूर माजलं. एका रात्री धीर करून म्हटलं, "अण्णा, मी कॉलेज सोडते. कापडाच्या दुकानात मुलगी हवी आहे."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय माझा मोडलाय. तुझा नाही."

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. आईनं शेतमजुरीला जायला सुरुवात केली. मी संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या धरल्या.

आणि मग ती फिल्म. हाड जुळलं होतं, पण पोतं घेऊन फळी चढणं कायमचं सुटलं होतं. सळई घातलेल्या कित्येकांप्रमाणे अण्णांचाही गुडघा पुढून दुखतो. टेकला तर जीव कासावीस होतो. डॉक्टरांच्या लेखी अण्णा बरे झाले, आणि ते खोटंही नव्हतं. फिल्ममध्ये हाड दिसतं, हमाल दिसत नाही, एवढंच.

हल्ली अण्णा बाजारातच पोत्यांची तोंडं शिवतात. दाभण, सुतळी आणि बसायला एक उंच खोकं. मजुरी पूर्वीच्या निम्मी. पहिल्या दिवशी जुन्या सोबत्यांपुढे खोक्यावर बसताना त्यांनी मान वर केली नाही. आता चहाच्या वेळी त्यांचाच आवाज मोठा असतो.

परवा जेवायला आईनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांनी ती बाजूला सारली, भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसले. मांडी काही घालता येईना. डावा पाय सरळ पसरला. ताटाकडे पाय होतो म्हणून ओशाळले. आईनं काही न बोलता ताट त्यांच्या उजव्या बाजूला सरकवलं. आम्ही तिघं पंधरा महिन्यांनी एका पंगतीला बसलो.

ती फिल्म अजून खुंटीवर पिशवीत लटकते आहे. अण्णा बरे झाले, हे मला मात्र परवा जेवताना कळलं.