चिरंजीवांचा गिअरबॉक्स

आमच्या चिरंजीवांकडे २००० सालची कॅमारो आहे, हे मंडळाच्या गणपतीला येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल. ती पार्किंगमध्ये शिरली की आत आरतीचा ताल चुकतो. गाडी तशी आपल्या इथलीच. मॉन्ट्रियलच्या उत्तरेला, हायवे १५ लागून ब्वाब्रियाँला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो १९६५ साली सुरू झाला, १९९३ पासून सगळ्या कॅमारो आणि फायरबर्ड तिथेच बनू लागल्या आणि ऑगस्ट २००२ मध्ये तो बंद झाला. आज त्या जागी दुकानं नि घरं आहेत.

चिरंजीवांनी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं. त्यानंतर घरातलं संभाषण म्हणजे "जेवलास का?" आणि "हो". मग त्याने स्वतःच्या पगारातून गाडीला सुपरचार्जर बसवला. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं. ३०५ हॉर्सपॉवरचं इंजिन साडेचारशेच्या घरात गेलं. गिअरबॉक्स मात्र जुनाच, ४एल६०-ई नावाचा ऑटोमॅटिक. तो सुमारे ३६० पौंड-फूट टॉर्कसाठी आखलेला. पोतं उचलणाऱ्याच्या पाठीवर दीड पोतं टाकलं तर दोष पाठीचा नाही!

मे महिन्यातल्या एका रविवारी रिव्हर्स, दुसरा आणि चौथा असे तीन गिअर एकदम गेले. पहिला आणि तिसरा शाबूत. गाडी घराच्या दारात तोंड आत करून उभी, म्हणजे बाहेर काढायची सोयच उरली नाही. हे तीन गिअर एकत्र गेले की बहुधा आतली 'सन शेल' तुटलेली असते. पातळ पत्र्याचा घंटेसारखा भाग, त्याच्या मानेवरचे दाते झिजतात नाहीतर मानच तडकते.

एका गॅरेजने चार हजार डॉलर सांगितले. त्याच्याजवळ दीड होते. रात्री तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, कित्येक महिन्यांनी. आमच्यातली एक म्हणाली, गाडी विकून टाक. दुसऱ्याने कॅनडात येण्यापूर्वी भोसरीच्या वर्कशॉपात नऊ वर्षं फिटरचं काम केलंय, त्याला झोप लागेना. शेवटी ठरलं की सुटे भाग आमच्या पैशाने, पण गिअरबॉक्स आपल्याच गॅरेजमध्ये खोलायचा, आणि मापं घ्यायला बाबा बसणार.

त्यानंतरचे सहा शनिवार-रविवार गॅरेजमध्ये गेले. सन शेल कडक केलेल्या पोलादाची, जाड मानेची घेतली. पण खरी दुखरी जागा म्हणजे तिसऱ्या-चौथ्याचा क्लच. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सारा टॉर्क या छोट्या प्लेटांवर येतो. त्या घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. ड्रमची खोली तेवढीच, म्हणून पातळ स्टील प्लेटा घालून सहाच्या जागी आठ घर्षण-प्लेटा बसवल्या. त्या आधी ऑइलात भिजवाव्या लागतात. रात्रभर भिजवल्या, हरभऱ्यासारख्या, आणि त्यासाठी आमचं एक चांगलं पातेलं कायमचं गेलं. मग फीलर गेजने फट मोजली. जास्त फट असेल तर क्लच उशिरा पकडतो, कमी असेल तर सुटतच नाही. पहिल्यांदा जास्त आली. एक जाड प्लेट बदलल्यावर बसली. "किती थाऊ?" असं तो विचारायला लागला, हा भोसरीचा शब्द त्याला मराठी शाळेत कुणी शिकवला नव्हता.

बाकीचं थोडक्यात. दुसऱ्या गिअरचा पट्टा घट्ट दाबायला कॉर्व्हेटचा मोठा सर्व्हो, पंपात ऑइलचा दाब वाढवणारा व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरपुढे वेगळा मोठा कूलर. कूलरवर कंजुषी करू नये असं आमचं मत आहे, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला वैरी उष्णता. केस बंद करण्यापूर्वी ऑइलच्या वाटांत हवा सोडून पाहिली. प्रत्येक क्लच 'थप्प' वाजला तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही.

एका गोष्टीवरून मात्र कडाक्याचं भांडण झालं. गिअर बदलताना गाडीचा संगणक क्षणभर इंजिनची ताकद कमी करतो. चिरंजीवांना ते बंद करायचं होतं, म्हणजे झटका चांगला बसतो म्हणे. आम्ही म्हटलं, झटका तुझ्या पाठीला बसतो तसाच सन शेललाही बसतो. दोन दिवस अबोला, मग त्याने ते चालू ठेवलं, थोडं कमी करून.

सप्टेंबरात नेपियरव्हिलच्या ड्रॅग पट्टीवर त्याने सहा धावा केल्या. रस्त्यावर नाही, पट्टीवरच, ही आमची आणखी एक अट. घरी येऊन गाडी स्टँडवर चढवून ऑइलपॅन उघडला. लोहचुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तेवढा नव्या प्लेटांचा असतोच. पत्र्याचे तुकडे नव्हते. ऑइलही लालच, जळका वास नाही.

पॅन पुसता पुसता त्याने विचारलं, "बाबा, शाफ्ट किती पिळला तर तुटतो, ते गणित तिसऱ्या वर्षाला असतं का?"

आमच्यापैकी कुणालाच नक्की माहीत नव्हतं. कॉलेजात विचारून ये, असं सांगितलं. गास्केट बसवायचं राहिलं होतं.