खाडीकाठची वही

मुंबई–मंडणगड एसटी पनवेलला उभ्यानेच मिळते. माणगाव गेल्यावर बसायला जागा झाली, लोणेऱ्याला खिडकी मिळाली. लोणेऱ्याच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचं नाव आहे आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. या रस्त्याने जाताना शाळेतल्या मुलांना हे सांगायचं राहून गेलं, असं मला दर वेळी वाटतं. पुढे गोरेगावहून गाडी आत वळते आणि आंबेत येतं, बॅरिस्टर अंतुले यांचं गाव. तिथल्या पुलावर गाडी आली की खाली सावित्री दिसते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे खाडी होऊन रुंद, मातकट आणि संथ झालेली असते. पलीकडे म्हाप्रळ. म्हणजे रायगड संपला, रत्नागिरी सुरू.

म्हाप्रळपासून बाणकोटपर्यंत खाडीच्या या काठावर आपल्या लोकांच्या वस्त्या आहेत. त्यातल्याच एका गावात माझे मामू राहतात. गावाचं नाव लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे. "जमीन विकायची गोष्ट आहे, उगाच दलाल येतील," असं ते म्हणाले.

मी गेले ती २०२५ च्या बकरी ईदनंतर दोन दिवसांनी. शाळा उघडायला आठवडा होता. मामेभाऊ कुवेतहून महिन्याच्या रजेवर आला होता आणि त्याचाच फोन आला होता, "आपा, तू ये. बाबांनी वही लिहिलीय आणि मला वाचता येत नाही."

हकीकत अशी. मुमानी वारल्यापासून मामू घरात एकटे. वय अडुसष्ट. खाली खाजणात तीस गुंठे भातशेती, वर डोंगराच्या उतारावर वीस गुंठे वरकस आणि आंब्याची नऊ झाडं. झाडं पूर्वी सोळा होती. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात सात मुळापासून गेली. मामेभावाला वाटतं की बाबांनी आता हे सोडून पनवेलला आमच्याजवळ राहावं. जमिनीला गिऱ्हाईक आहे. शहरातल्या लोकांना खाडी दिसेल असं घर हवं असतं. गेल्या बकरी ईदला हा विषय निघाला तेव्हा मामू त्याला म्हणाले, "एक वर्ष थांब. मी रोज लिहून ठेवतो. पुढच्या ईदला वही बघू आणि बोलू."

त्यांनी खरंच लिहिलं. दोनशे पानी शाळेची वही, १७ जून २०२४ ते ७ जून २०२५. पण मामू सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून लिपी उर्दू. वही मागच्या पुठ्ठ्याकडून सुरू होते आणि शाळेच्या छापील वेळापत्रकापाशी संपते. भाषा मात्र उर्दू नाही. ती घरातली, आपली कोकणी मुसलमानांची बोली आहे. मामेभाऊ इंग्रजी शाळेत शिकला. कुरआन रोज वाचतो, त्यामुळे अक्षरं ओळखतो. पण तिथे जेर-जबर छापलेले असतात. हाताने भरभर लिहिलेल्या, मात्रा नसलेल्या ओळी त्याला लागेनात. बापाने वर्षभर त्याच्याचसाठी लिहिलेलं आणि ते त्यालाच वाचता येत नाही. दोन दिवस तो वही उघडून बसला होता आणि मामू काही न बोलता समोर सुपाऱ्या कातरत होते, असं शेजारणीने मला सांगितलं.

मगरिबनंतर आम्ही पडवीत बसलो. मी मोठ्याने वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर अडले. "आज बांधातला गाल काढला." गाल? मामू हसले. "बाय, गाळ. उर्दूत ळ कुठून आणू?" तेव्हा मला किल्ली सापडली. उर्दूत ळ नाही, ण नाही. म्हणून काळं ते काला, पाणी ते पानी, खाजण ते खाजन. मग वाचनाला वेग आला. तरी मधूनच एखादा शब्द दगडासारखा आडवा यायचा आणि मग तो शेतावरचा दिवस आठवून मामूंनाच सांगावा लागायचा.

प्रत्येक पानावर चांदाची तारीख आधी, इंग्रजी तारीख मागाहून. मला वाटलं, दीनदार माणूस, सवयीने लिहीत असेल. तसं नव्हतं. खाजणाची शेती म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला तिची झापडं बंद होऊन खारं पाणी अडतं. सगळा धोका उधाणाचा. आणि उधाण चालतं चांदावर. नवा चांद दिसला की एक-दोन दिवस आणि पुन्हा पंधरा-सोळाला मोठी भरती. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. त्या दिवसांत बांधाची डागडुजी करायची. "जूनची अठरा म्हटलं तर मला काय कळणार? चांदाची अठरा म्हटलं की पाणी कुठवर येईल ते डोळ्यांपुढे येतं," मामू म्हणाले. मी वीस वर्षं मुलांना भरती-ओहोटी शिकवते. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढते. घरातलं हिजरी कॅलेंडर हे भरतीचं वेळापत्रक आहे, हे मला त्या पडवीत कळलं.

वहीत सुरुवातीला नुसती कामं आहेत. पावसाने वरचं मीठ धुऊन नेलं, मग मोड आलेलं भात खाजणात फेकलं. वरकसात दाढीतला तरवा काढून लावणी केली. मजूर किती, पैसे किती, चहाला साखर किती. बाराव्या दिवशी एकदम वेगळी ओळ: "काकडीचं बी तिच्या हातचं, राखेत ठेवलेलं. आज लावलं." आणि आठ दिवसांनी: "उगवलं." मुमानींचा उल्लेख वहीत तेवढाच. मामेभाऊ उठून आत पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग मुहर्रमची १५, म्हणजे २२ जुलै. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. वर उधाण. "रात्री बांध फुटला. बाजूच्या शेतापासून सहा हात. पाणी आत." दुसऱ्या दिवसाच्या पानावर अकरा नावं आहेत, एकाखाली एक. पाच मोहल्ल्यातली, सहा वरच्या कुणबीवाडीतली. ओहोटी लागली की चिखल, पेंढा, बांबू आणि दगड घेऊन उतरायचं, भरती चढायला लागली की बाहेर यायचं. असे तीन दिवस. एका कार्यालयात अर्ज दिल्याचंही लिहिलंय, तारखेसकट. पुढे दर महिन्याला त्याच अर्जाविषयी एक ओळ आहे: "गेलो होतो. साहेब नव्हते." आठव्या वेळेला नुसतं: "गेलो होतो."

खारं पाणी भरलं तरी पाऊस जोरात होता म्हणून अर्धं भात वाचलं. आमच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. पनवेल १, २, ३ अशी त्यांची नावं. मी मामूंना विचारलं, ते बी का नाही आणत? ते म्हणाले, "आणलं तरी बांध फुटल्यावर कुठलं बी पोहतं काय?"

दुसऱ्या रात्री हिशेब वाचला. ऑक्टोबरात कापलेलं भात शेतातच भिजलं. एकूण साडेआठ क्विंटल. सरकारी हमीभावाने, क्विंटलला २,३०० रुपये धरून, १९,५५० झाले, म्हणजे विकलं असतं तर. आंबा १७ पेट्या, १२,७५०. काजू ४,२००. सगळं मिळून ३६,५००. खर्च ३८,६००. तोटा २,१०० रुपये. खाली मामूंनी प्रामाणिकपणे लिहिलंय: "माझे दिवस २१२. मजुरी धरली नाही."

मामेभावाने मोबाइल काढला. पाचशे रुपये रोज धरून गुणाकार केला. "बाबा, म्हणजे खरा तोटा एक लाख आठ हजारांचा."

मामू म्हणाले, "या वयात मला पाचशे रुपये देऊन कामाला कोण बोलावणार होतं, ते आधी सांग."

आम्ही तिघेही हसलो. पण हिशेब काही हसण्याने बदलला नाही. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. २०२५ चा मे महिनाही वाईटच गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यातच मोसमी पाऊस आला. धूळवाफेवर पेरायची जमीन चिखल होऊन बसली आणि झाडावर उरलेला आंबा गळला. मार्चात रोजे ठेवून भाजलेल्या राबावर पाणी फिरलं. वहीत त्या दिवशीची ओळ आहे: "धूर घशात गेला ते फुकट गेलं."

मी मामूंना विचारलं, वर्षभर लिहून काय झालं? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. कातरलेल्या सुपाऱ्या डब्यात भरल्या. मग म्हणाले, "मला वाटायचं, कुणबीवाडीतला तो माझा चार दिवसांचं काम लागतो. वही बघितली तर मीच त्याचे तीन दिवस लागतो. किती वर्षं मी मनात त्याला देणेकरी धरून बसलो होतो!" आणि थोड्या वेळाने: "एका जागी खोटं लिहिलंय. तुला दिसलंच असेल."

दिसलं होतं. रबीउल अव्वलमधलं एक पान. "मुलाचा फोन आला. विकायचं म्हणतो. मला काही वाटलं नाही." यातलं शेवटचं वाक्य नंतर दुसऱ्या शाईने खोडलेलं आहे. मी मोठ्याने वाचताना ते गाळलं होतं. पण मामूंनी विषय काढलाच, म्हणून मामेभावाने वही माझ्या हातून घेतली आणि मला म्हणाला, "कुठे आहे ते दाखव." त्याने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत स्वतः वाचायचा प्रयत्न केला. "मला" त्याला लागलं. पुढचं मी सांगितलं.

खरी गोष्ट त्यानंतर निघाली. मामेभावाने अकरा नावांचं पान पुन्हा वाचायला सांगितलं. म्हणाला, "बांध तर आपल्या हद्दीत फुटला. हे अकरा जण का आले?" मामू म्हणाले, "बांध कुणा एकाचा नसतो. माझा तुकडा कुणी सोडला, तर खारं पाणी माझ्याच शेतात थोडं थांबणार आहे? मागची सगळी खाचरं जातील. खाडी बघायला घर बांधणारा माणूस जुलैच्या रात्री चिखलात उतरेल, तर त्याला खुशाल वीक." वर्षभर बाप-लेक भावाबद्दल बोलत होते आणि बांधाबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

निकाल असा काही लागला नाही. वरकस आणि आंब्याचा तुकडा विकायचा की नाही, हे पुढच्या रजेत बघू म्हणाला. खाजणाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मला त्याचं चुकीचं वाटत नाही आणि मामूंचंही नाही. अडुसष्टाव्या वर्षी एकट्या माणसाने कमरेभर चिखलात उतरावं का, याचं उत्तर वहीत नाही. जाण्याआधी मामेभावाने माझ्यावर एक काम टाकलं: सगळी वही देवनागरीत उतरवून त्याला पाठवायची. शाळा सुटल्यावर रोज दोन-तीन पानं करते. ळ आणि ण माझ्या हाताने परत घालते. कधी कधी वाटतं, घालू नयेत.

परवा सफरच्या एका पानावर अडले. मात्रा नसलेला दोन अक्षरी शब्द, कळ, कल, काहीही होऊ शकेल. "कमरेत कळ आली" असेल तर मामेभावाला कळवायला हवं. मामूंनी ते कधी बोलून दाखवलेलं नाही. फोन लावला, उचलला नाही. तासाने पुन्हा लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. मुहर्रमची सोळा होती आणि बाहेर पाऊस होता.