मेणवलीच्या घाटावर रंगपेटी घेऊन

वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले की बहुतेक प्रवासी पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता धरतात. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली आहे. तिकडे वाट वाकडी करणारे थोडे. आणि त्या थोड्यांत रंगपेटीवाले पुष्कळ! नाना फडणविसांचा प्रशस्त वाडा, मागे नदीत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, काठावर मेणेश्वराचे देऊळ. शेजारी टांगलेली थोरली घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांच्या हाती आलेली. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट अनेकांनी पाहिला असेल. पण चित्र काढायला बसल्यावाचून तो खरा दिसत नाही.

पावसाळा सरून दिवाळी आली की इथले आकाश धुतल्यासारखे होते आणि नदीला अजून भरपूर पाणी असते. अशा दिवसांत आम्ही आठ हौशी मंडळी चार दिवस इथे मुक्कामाला होतो. बरोबर एक निवृत्त चित्रकला-शिक्षक होते. त्यांचा नियम एकच: चारही दिवस एकाच जागी बसायचे आणि एकच देखावा काढायचा. कागद पाव शीट, म्हणजे ११ बाय १५ इंचांचा; वेळ पाऊण तास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. घाटावरची सावली त्याच्याबरोबर पायऱ्या उतरते. तेव्हा रेंगाळणाऱ्याच्या चित्रात आठ वाजताचे देऊळ आणि दहा वाजताची सावली असा अजब संसार मांडला जातो!

खरी परीक्षा संध्याकाळी. सगळी चित्रे पायऱ्यांवर ओळीने मांडायची आणि दहा पावले मागे जाऊन, डोळे किलकिले करून पाहायची. बारीकसारीक तपशील पुसट होतो; उजेड कुठे, अंधार कुठे, एवढेच उरते. ज्याचे चित्र त्याने बोलायचे नाही. इतरांनी आधी काय साधले ते सांगायचे, मग एकच उणीव, आणि ती उद्या कशी भरून काढावी याची एक सूचना.

आमच्यात साठीच्या एक काकू होत्या. त्यांच्या घरच्या भिंती त्यांच्याच चित्रांनी भरलेल्या. पहिल्या संध्याकाळी गुरुजी म्हणाले, “काकू, दगड झकास उतरलाय. पण पाणी आडवे पडले नाही, भिंतीसारखे उभे राहिलेय.”

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आमच्या घरी तीस वर्षं सगळे ‘छान छान’ म्हणतात हो!” त्या रात्री त्या जेवल्या बेताच्याच. चित्रकला आता पुरे, असा विचार मनात येऊन गेल्याचे त्यांनीच नंतर सांगितले.

पण सकाळी काकू आमच्याआधी घाटावर हजर! गुरुजींनी जवळ बसून दाखवले: काळ्या दगडाचे प्रतिबिंब दगडाहून जरा फिके, उजळ भिंतीचे मात्र भिंतीहून जरा गडद. प्रतिबिंबाच्या कडा ओल्या कागदावर विरू द्यायच्या. आणि मधूनच कागदाची एक बारीक आडवी पट्टी कोरी सोडायची. जलरंगातला पांढरा रंग तो कोरा कागदच! दुसऱ्या दिवशी पट्टी जाड झाली, तिसऱ्या दिवशी जागा चुकली. चौथ्या दिवशी घाटाखाली पाणी निवांत पसरले. देवळाचा कळस तेवढा वाकडा राहिला, आणि तेही सर्वांनी मोकळेपणी सांगितले. काकू मनापासून हसल्या.

कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला. तलाव तोच, प्रहर आणि ऋतू वेगळे. जिथे असे थोर हात एका तलावाशी थकले नाहीत, तिथे आपण पहिल्याच कागदावर का रुसावे?

या सुट्टीत तुमच्या घरातले कोणी चित्र घेऊन समोर आले, तर ‘छान’ म्हणून वर्तमानपत्रात डोके खुपसू नका. दोन मिनिटे नीट पाहा. एक आवडलेली गोष्ट सांगा, एक खटकलेली सांगा. आणि उद्या तेच चित्र पुन्हा काढायला बसवा. जमल्यास मेणवलीला घेऊन या. घाटावर जागा पुष्कळ आहे.