रस्ता रुंद होतो तेव्हा



वाडीला रस्ता हवा की नको, असे कोणी विचारले तर आपण त्याला वेड्यात काढू. अडलेली बाळंतीण बाजेवर घालून चिखलातून वडूजला आणल्याच्या हकिकती आपल्याकडच्या म्हाताऱ्यांजवळ अजून आहेत. कांदा काढून पडला आहे, गाडी बांधापर्यंत येत नाही आणि वर आभाळ भरून आले आहे, ही वेळ काय असते ते ज्याच्यावर आली त्यालाच ठाऊक. तेव्हा मी रस्त्याच्या विरुद्ध लिहितो आहे असे समजू नका. माझे म्हणणे एवढेच, की रस्त्याचा हिशेब आपण अर्धाच मांडतो. किती किलोमीटर, किती रुंद आणि किती लाखांचा, हे विचारतो. त्याच्या दोन्ही अंगांना काय होणार, ते विचारायचे राहून जाते.

आपला खटाव तालुका दुष्काळी. दाट जंगल म्हणावे असे आपल्याकडे नाही. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा उभे असलेले वड, पिंपळ, चिंचा आणि कडुलिंब हेच पुष्कळ ठिकाणी आपले रान. वड, पिंपळ आणि उंबर यांची झाडे सगळी एकाच वेळी फळत नाहीत. एक संपले की दुसरे पिकते. त्यामुळे उन्हाळ्यात शिवारात दाणा नसतानाही पाखरांना कुठे ना कुठे खायला मिळते. हरियाल म्हणजे हिरवे कबूतर, हा आपल्या राज्याचा पक्षी. त्याची मुख्य भिस्त याच फळांवर. साळुंकी आणि बुलबुलही तिथेच येतात, आणि हीच पाखरे आपल्या पिकातल्या अळ्या वेचतात. वडाचे झाड तुटले म्हणजे केवळ सावली गेली असे नाही, तर बिनपगारी राखणदारांचे घर गेले.

सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यात भोसे नावाचे गाव आहे. तिथे सुमारे चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा एक वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात २०२० साली तो तुटणार असे ठरले, तेव्हा गावकरी आणि निसर्गप्रेमी मंडळी त्याच्यासाठी उभी राहिली. त्या वेळचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले. आखणी थोडी बदलली आणि वड वाचला. सगळ्यांना आनंद झाला. पुढे दोन वर्षांनी, २०२२ साली, तो वड कोसळला.

तो नेमका कशाने कोसळला यावर मी निवाडा देणार नाही. पण शेतीचा पदवीधर म्हणून एक गोष्ट सांगतो. झाडाची मुळे फांद्यांच्या घेराबाहेर लांबवर जातात, आणि अन्नपाणी घेणारी बारीक मुळे वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. त्या मातीत चर खणला, तिच्यावर भराव टाकला किंवा रोलर फिरवून ती दाबली, की मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याला कुऱ्हाड लागत नाही, तरी झाड आतून खचत जाते. म्हणून झाड वाचवायचे म्हणजे बुंधा नव्हे, त्याच्या भोवतीची जमीनही वाचवायची.

एका झाडाचे हे, तर जंगलाचे काय? तुम्ही म्हणाल, जंगल राहिले तिकडे पश्चिमेला, आपला काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. उरमोडी नदी कासच्या पठाराच्या बाजूने येते, आणि तिच्या धरणाचे पाणी खटाव-माणपर्यंत आणले आहे. टेंभू योजनेत कराडजवळ उचलतात ते पाणीही कृष्णा-कोयनेचेच. डोंगरमाथ्यावरचे जंगल पाऊस झेलते, पालापाचोळ्यात मुरवते आणि हळूहळू सोडते. रस्त्यासाठी डोंगराची कूस उभी कापली की तिथली माती मोकळी होते, आणि दोन-चार पावसांत ओढ्याने वाहत धरणात जाते. धरणात गाळ साचला तितके पाणी कमी. शेवटच्या टोकाला कोण बसला आहे? आपणच.

पाटण भागात नोकरीला असताना मी हे रोज पाहत होतो. तिथल्या जंगलात शेकरू असते. ही मोठी खार, आपला राज्यप्राणी. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. तिची वाट फांदीवरून फांदीवर. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना मिळालेल्या असतात, तोवर तिला काही अडचण नाही. रस्ता रुंद झाला, वरचे आभाळ मोकळे झाले, की तिच्या दृष्टीने मधे नदीच आली. अलीकडची अलीकडे, पलीकडची पलीकडे. पिढ्यान् पिढ्या असे तुकडे पडले की लहान तुकड्यातली जात क्षीण होत जाते. शेळ्यांच्या कळपात एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवला तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मृगाच्या पहिल्या पावसात रात्री बेडूक बाहेर पडतात, आणि सकाळी रस्त्यावर त्यांचा चेंदामेंदा झालेला दिसतो. आंबोलीला कातळावर राहणारा एक छोटा बेडूक आहे. शास्त्रज्ञांनी २००९ साली तो नवी जात म्हणून नोंदवला. जगात तो फक्त त्या परिसरात सापडतो, आणि त्याच कातळाशेजारून गाड्या धावतात.

रस्त्यावरून माणसांबरोबर तणही प्रवास करते. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. आज ते कुठे नाही ते दाखवा! गाड्यांच्या चाकांना चिकटून, मुरमाच्या आणि वाळूच्या खेपांतून त्याचे बी आले. जंगलातही तेच होते. झाडे काढून ऊन आत आले, की कडेने घाणेरी आणि रानमोडी माजते. मग गुरांना गवत नाही आणि जंगली जनावरांनाही नाही. पोट भरायला ती आपल्या पिकात उतरतात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यामागून येणारे लोक. दक्षिण अमेरिकेत ब्राझील देशात ॲमेझॉनचे अफाट जंगल आहे. तिथल्या रोंडोनिया प्रांतात १९८४ साली एक महामार्ग पक्का झाला. मग त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटले, फाट्यांवर वस्त्या झाल्या, आणि वरून पाहिले तर जंगलात माशाचा काटा काढल्यासारखे दिसू लागले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ॲमेझॉनमधील जवळजवळ ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आतली आहे. रस्ता स्वतः थोडेच जंगल खातो, बाकीचे त्याच्या पाठीमागून जाते.

मग रस्ते करायचेच नाहीत का? एका सभेत एका शेतकऱ्याने मला हेच विचारले. म्हणाला, "सायेब, मग आमी काय बैलगाडीतच बसून ऱ्हायाचं व्हय?" मी त्याला पेंचचे उदाहरण दिले. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना खालून जाण्यासाठी नऊ वाटा ठेवल्या. त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली तिथे कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींची जनावरे त्या वाटांनी जाताना दिसली. त्यात वाघही होता. वरून गाड्या गेल्या, खालून वाघ गेला, कोणाचेच अडले नाही.

आपल्या शिवारात एवढे मोठे पूल लागत नाहीत, पण मोरी लागते. आपल्याच भागातल्या एका गावी रस्ता उंच केला आणि जुन्या ओघळीवर अरुंद नळ टाकले. पहिल्याच वळवाने वरच्या अंगाला पाणी तुंबले आणि दोन भावांचा कांदा वाफ्यात सडला. खालच्या अंगाला पाणी पोचलेच नाही, आणि तिथल्या विहिरीला फाल्गुनातच तळ दिसला. मोरी ऐसपैस असती तर पाणीही गेले असते, आणि रात्री ससा, मुंगूस, कोल्हाही तिच्यातून गेला असता.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तुमच्या गावचा रस्ता मंजूर झाला की चार गोष्टी करा. खुंट्या रोवायला लोक येतील त्याच वेळी आखणीचा नकाशा मागून घ्या. डांबर पडल्यावर बोलून उपयोग नाही. जुनी झाडे मोजून ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, आणि झाडे एका बाजूला ठेवून रस्ता दुसऱ्या बाजूने वाढवता येईल का, ते विचारा. प्रत्येक ओढा-ओघळीचे पाणी पावसाळ्यात कुठवर चढते, ते म्हाताऱ्या माणसांना बरोबर नेऊन दाखवा. कागदावरच्या नकाशापेक्षा त्यांची आठवण पक्की असते. आणि जे झाड तुटेलच, त्याच्या बदल्यात वड, पिंपळ, उंबर, जांभूळ असे आपल्या मातीतले झाड लावा, गुलमोहर नको. पहिली तीन वर्षे पाणी कोण घालणार, ते नावानिशी ठरवा.

शेजारच्या गावी येत्या पंधरवड्यात अशीच मोजणी आहे. मी जाणार आहे. तुमच्याकडे मोजणी असेल तर तुम्हीही त्या दिवशी रानातले काम दोन तास मागे ठेवा आणि खुंटीजवळ उभे राहा.