झिजेचा हिशेब

दोघांत अधिक कोण झिजला, हा वाद आमच्या घराला नवा नाही. परंतु त्याचा निवाडा अमेरिकेतील एका शर्यतीच्या मोटारीच्या चाकात मिळेल असे कोणी सांगितले असते, तर मी हसण्यावारी नेले असते.

गेल्या उन्हाळ्यात मी धाकट्या भावाच्या मुलाकडे कनेक्टिकटमध्ये महिनाभर राहावयास गेलो होतो. चिरंजीवांना मोटार-शर्यतींचा नाद. त्यांची गाडी ‘फॉर्म्युला व्ही’ वर्गातली. तिकडे १९६३ साली मान्यता पावलेला हा वर्ग बेताच्या खर्चात शर्यती खेळू पाहणाऱ्यांसाठी आहे. जुन्या फोक्सवॅगन ‘बीटल’चे १२०० सी.सी. इंजिन, तिचाच पुढचा ॲक्सल आणि तिचेच ड्रम ब्रेक. इतर शर्यतीच्या गाड्या डिस्क ब्रेककडे वळून कित्येक वर्षे लोटली; येथे मात्र ड्रमचेच राज्य आहे.

मी गेलो तेव्हा पुतण्याचा आणि त्याच्या भागीदार मित्राचा अबोला चालू होता. लाइम रॉकच्या दीड मैलाच्या मार्गावर, लांब सरळ रस्त्याच्या अखेरीस ब्रेक दाबताच गाडी क्षणभर उजवीकडे ओढली गेली आणि पाय उचलताच डावीकडे वळून गवतात शिरली. इजा झाली नाही, इतकेच. ब्रेकची जुळणी मित्राने केलेली; तेव्हा दोष त्याचा, असे पुतण्याचे म्हणणे. तेथील सात वळणांपैकी सहा उजवी असल्याने डाव्या चाकांवर भार पडतोच, दोष रस्त्याचा, असे मित्राचे. दोघेही शिकलेले; म्हणून दोघांपाशीही कारणे होती.

माझे आयुष्य प्रवासी मोटारींच्या दुरुस्तीत गेले. मी म्हटले, “आधी चाके उतरव. भांडण नंतर.”

ड्रमच्या पोटात अर्धवर्तुळाकार दोन शू असतात. पायाने दाबलेले तेल सिलिंडरात शिरून त्यांना बाहेर ढकलते आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासून चाक थांबते. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे; ती धूळ छातीस घातक म्हणून फुंकर न मारता ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग लायनर मोजले. उजव्या चाकात एक ३.४ मिलिमीटर, दुसरा ३.७. डाव्या चाकात एक २.१, दुसरा २.६.

“बघा काका, एकाच चाकातसुद्धा सारखे नाहीत. जुळणीच चुकली!”

“ते चुकलेले नव्हे, ते तसेच असावयाचे,” मी म्हणालो. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने जो शू उघडतो, त्याला फिरता ड्रम आपल्याकडे अधिकच ओढून घेतो, तो अग्रेसर. दुसऱ्याला तोच ड्रम मागे लोटतो, तो अनुगामी. दोघांना दाब सारखाच, पण पहिला अधिक पकडतो आणि अधिक झिजतो. त्यात मागच्याचा आळस नाही की पुढच्याचा मोठेपणा नाही. गाडी मागे घेतली की दोघांच्या भूमिका पालटतात.

म्हणून शूची शूशी तुलना करून दोष कळत नाही; ती चाकाची चाकाशी करावी लागते. उजवे चाक ठीक होते. डावे अकारण झिजत होते. गाडी जॅकवर चढवून पुतण्याला ब्रेक दाबून सोडण्यास सांगितले. उजवे चाक मोकळे फिरले, डावे जखडलेलेच. स्टीलची नळी जेथे रबरी होजला मिळते तो सांधा सैल केला. तरी चाक सुटेना. म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष. मग सांधा कसून चाकाजवळचा निपल उघडला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. स्प्रिंगा आणि शू यांच्यावरचा संशयही फिटला. चोर होता तो दोहोंमधला होज. वरून धडधाकट, आतून सुजलेला. दाब आत जाताना अडे, म्हणून गाडी आधी उजवीकडे जाई. एकदा गेलेला दाब परत येत नसे, म्हणून मग डावीकडे.

पुतण्या तो होज हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. मग बाहेर जाऊन त्याने मित्राला फोन लावला.

मी मात्र तेथेच बसून राहिलो. आमचे वडील तीन वर्षे अंथरुणाला खिळून होते. मी पुण्यात त्यांच्याजवळ. धाकटा तेव्हा अमेरिकेत. “झिजलो तो मी,” असे मी त्याला पत्रात लिहिले होते. ते खोटे नव्हते. ज्या जागी मी होतो त्या जागी झीज अधिकच होणार होती. पुढे माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तोच दोन महिने माझ्या उशाशी बसला. चाक उलटे फिरले होते. मी त्याला प्रायश्चित्त समजलो. वडील २००४ साली गेले. ब्रेकवरचा पाय केव्हाच उचलला गेला होता. पण माझ्या मनातला दाब काही परत फिरला नव्हता. तेवढी झीज वडिलांच्या सेवेची नव्हे, माझी मीच करून घेतलेली.

दोन्ही बाजूंचे होज बदलले, नवे लायनर बसवले. न्यायालयाच्या मनाईमुळे लाइम रॉकला रविवारी शर्यती होत नाहीत; शनिवारी आम्ही तिघे गेलो. क्रमांक बेताचाच आला, पण गाडी सरळ थांबली.

त्या रात्री मी नाशिकला भावाला फोन केला. तेथे सकाळ होती. “दादा, एवढ्या सकाळी? सारे ठीक ना?” त्याने घाबरून विचारले.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “एक जुने पत्र परत घ्यावयाचे होते.”