इथं म्हणजे कुठं?

पेन ड्राइव्हला नाव असतं, कायमचा पत्ता नसतो. विंडोजच्या संगणकाला तो लावला की संगणक आपल्याकडचं मोकळं असलेलं एखादं रोमन अक्षर त्याला देतो. हैदराबादला माझ्या टेबलावर तो 'ई' असतो, धारवाडला सरांकडे 'जी', आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे, जिथे कार्ड रीडरनेच चार अक्षरं अडवून ठेवली आहेत, तिथे 'के'. 'ए' आणि 'बी' ही अक्षरं मूळची फ्लॉपीची. फ्लॉपी जाऊन एक पिढी झाली, तरी हार्ड डिस्कची मोजणी अजून 'सी'पासूनच सुरू होते. गेलेल्या माणसाची खुर्ची पंगतीत रिकामी ठेवावी, तसं.

या पेन ड्राइव्हवर गेली काही वर्षं एका कन्नड कादंबरीचं मराठी भाषांतर राहतं. नुसतं भाषांतर नाही, त्याचा सगळा संसार. मूळ प्रत, किट्टेलच्या 1894 च्या कन्नड-इंग्रजी कोशाची स्कॅन केलेली पानं, मोल्सवर्थ, शब्द शोधायचा एक छोटा प्रोग्राम, आणि हे सारं ज्याच्यातून चालतं तो डबल कमांडर नावाचा फाइल मॅनेजर. तो फुकट मिळतो, आणि त्याची पोर्टेबल आवृत्ती संगणकावर बसवावी लागत नाही. आपल्या फोल्डरातूनच चालते आणि स्वतःच्या सगळ्या सवयी त्याच फोल्डरात लिहून ठेवते. शेजारी शेजारी दोन खिडक्या, ही त्याची मांडणी 1986 च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आलेली. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. भाषांतरकारासाठी मुद्दाम बनवल्यासारखं हे यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात भाषांतर नव्हतं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

वरच्या पट्टीवर आपल्याला हवी ती बटणं बसवता येतात. माझी चार आहेत. एक, प्रकाशकाकडून नुडी फॉन्टमध्ये आलेलं प्रकरण युनिकोडमध्ये आणणारं. (ज्या संगणकावर नुडी नाही तिथे ते प्रकरण म्हणजे विरामचिन्हांचा पाऊस. जुन्या श्रीलिपीतली मराठी हस्तलिखितं उघडणाऱ्यांना हे सांगायला नको.) दुसरं किट्टेल उघडणारं, तिसरं एकाच क्रमांकाची दोन्ही भाषांतली प्रकरणं समोरासमोर लावणारं, चौथं दिवसाची तारीख घालून नक्कल ठेवणारं. प्रत्येक बटणामागे एक कमांड असते: कुठला प्रोग्राम चालवायचा, त्याला कुठली फाइल द्यायची, कुठून सुरुवात करायची. म्हणजे बटणामागे एक पत्ता असतो. आणि तो पत्ता 'ई:\साधने\कोश' असा मुळापासून लिहिला, तर धारवाडला ते बटण मुकं. तिथे 'ई' नाहीच; किंवा असलाच, तर तो दुसऱ्याच कुणाचा.

यावर सगळे एकच उपाय सांगतात. मुळापासून पत्ता देऊ नका, आपण उभे आहोत तिथून द्या. एक टिंब म्हणजे 'इथे', दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. 'ई'ही नको आणि 'जी'ही नको. ऐकायला फार सुटसुटीत वाटतं. भाषांतरकाराला मात्र 'इथे' या शब्दाचं भय असतं, कारण तो बोलणाऱ्याबरोबर जागा बदलतो. रोमान याकोब्सन यांनी 1957 मध्ये अशा शब्दांवर एक निबंध लिहिला, तो एम. ए.ला असताना आम्ही घोकला होता. त्याचा रोजच्या कामात इतका उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सरांनी, म्हणजे कादंबरीतलं धारवाडी कन्नड माझ्यासाठी ओळ न् ओळ तपासणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांनी, एक बटण स्वतः बनवलं. वयाच्या सत्तरीत, मॅन्युअल वाचून, टिंब लावून. ते चाललं, आणि दुसऱ्या दिवशी चालेना. फोन आला.

"इथं काही येत नाही बघ."

"इथं म्हणजे कुठं, सर? डाव्या खिडकीत काय दिसतंय?"

"डाव्या खिडकीत नातीच्या लग्नाचे फोटो आहेत."

गोम तिथेच होती. ते टिंब प्रोग्रामच्या घराकडे बोट दाखवत नव्हतं. डोळ्यांपुढच्या खिडकीत जो फोल्डर उघडा आहे त्याच्याकडे दाखवत होतं. काल तिथे कादंबरी होती, आज लग्न. संगणक बिचारा लग्नाच्या फोटोंत किट्टेल शोधत होता. ड्राइव्हचं अक्षर गाळून नुसत्या तिरप्या रेघेने पत्ता सुरू केला, तर तो 'या ड्राइव्हच्या मुळापासून' असा वाचला जातो. तेही पुरत नाही, कारण फोटो सरांच्या 'डी' ड्राइव्हवर होते.

खरा उपाय तिसराच. डबल कमांडर सुरू होताना आपण स्वतः कुठे आहोत हे एका नावाखाली नोंदवून ठेवतो, आणि ते नाव टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये लिहून पत्त्याच्या सुरुवातीला घालता येतं: '%कमांडर_पाथ%\..\कोश'. अर्थात ते रोमन अक्षरांत टंकायचं. आता खिडकीत काहीही उघडं असो, ड्राइव्हचं अक्षर कुठलंही असो, मोजणी प्रोग्रामच्या फोल्डरापासून होते; तिथून एक पायरी वर, आणि शेजारच्या खोलीत कोश.

मी हे फोनवर बराच वेळ समजावलं. सर म्हणाले, "म्हणजे 'इथं' नाही म्हणायचं. 'आमच्या घरी' म्हणायचं."

'आमच्या' की 'आपल्या', हा तर आमचा जुना वाद. आजच्या कन्नडमध्ये 'नावु' एकच. ऐकणारा त्यात आहे की नाही हे शब्द सांगत नाही. मराठीला ते सांगावंच लागतं. कादंबरीत एक म्हातारी सुनेला 'नम्म मने' म्हणते, आमचं घर किंवा आपलं घर, आणि त्या एका निवडीवर पुढची साठ पानं कलतात. सरांचं म्हणणं 'आमचं', माझं म्हणणं 'आपलं'. शेवटी पहिल्या प्रकरणांत 'आमचं' ठेवलं आणि म्हातारी आजारी पडल्यानंतर 'आपलं' केलं. मूळ लेखिकेला असला बदल करावाच लागला नव्हता. हे भाषांतराने आणलेलं आहे, आणि ते योग्य आहे असं मला वाटतं. सरांना अजून वाटत नाही.

पत्त्यांचा हा प्रश्न पुस्तकांना संगणकाच्या किती तरी आधी पडला. ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय आणि ओवीने देतात, पान क्रमांकाने सहसा नाही. प्रत सोनेरी कडांची असो की स्टँडवर घेतलेली, ओवी सापडते. पान क्रमांक म्हणजे 'ई'पासूनचा पत्ता, आवृत्ती बदलली की मेला. (प्लेटोचं मात्र उलटं झालं. 1578 च्या जिनिव्हा आवृत्तीचे पान क्रमांकच पुढच्या सगळ्या आवृत्त्यांनी समासात वाहायचं ठरवलं. ही सोय फक्त प्लेटोएवढ्या मोठ्या माणसांना मिळते.) दुसऱ्या टोकाला तळटिपांतलं 'तत्रैव'. ते निव्वळ टिंब आहे: वरच्या टिपेत जे, तेच इथे. मधे कुणी एक टीप घुसवली की 'तत्रैव' निमूटपणे भलत्याच ग्रंथाचं होतं, आणि मुद्रितशोधकालाही कळत नाही. पाणिनीची अनुवृत्तीही याच जातीची. मागच्या सूत्रातले शब्द पुढच्या सूत्रात न उच्चारता चालत येतात, म्हणून सूत्र एवढं आखूड राहतं. पण ते उचलून दुसरीकडे ठेवलं तर अर्धंच हाती येतं. टिंबांनी जोडलेली वस्तू सगळीच्या सगळी हलवायची असते. एकटी फाइल उचलून चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात पेन ड्राइव्ह कुरियरने माझ्याकडे परत आला. सरांनी बटणं नऊवर नेली होती. सगळी बटणं एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असतात, ती मी उघडून पाहिली. आठांत टक्क्यांमधलं ते नाव, नीट. नववं होतं 'टिपा' नावाचं, आणि त्याचा पत्ता 'डी'पासून सुरू होत होता: सरांच्या संगणकाची दुसरी ड्राइव्ह, त्यांच्या आडनावाचा फोल्डर, त्यात 'मनेमातु', म्हणजे घरातलं बोलणं. माझ्याकडे ते बटण दाबून काहीच होणार नव्हतं. आणि विंडोजमध्ये त्याचा सापेक्ष पत्ता करताही येत नाही: दोन टिंबं कितीही वेळा लिहा, चढत चढत आपण पेन ड्राइव्हच्या मुळापाशी पोहोचतो, आणि तिथून दुसऱ्या ड्राइव्हवर जाणारी पायरी नाही.

सरांना विचारलं. इतकं सगळं समजलेल्या माणसाच्या नजरेतून हे निसटलं नसावं.

"ते मुद्दाम तसं ठेवलंय," ते म्हणाले. "कच्चं आहे अजून. मला इथनं उघडता यावं एवढंच. तुझ्याकडे यायला नको होतं."

कुणाला कुठवर येऊ द्यायचं, हेही पत्त्यातून ठरवता येतं, याचा विचार मी केला नव्हता. पोर्टेबल असणं हा मी गुणच मानत आले. बांधून घेता येईल ते सगळं बरोबर घ्यावं, यजमानाच्या घरातल्या कशावर विसंबू नये. परिशिष्टात शब्दार्थ देणारे भाषांतरकारही हेच करतात. सरांनी एक गोष्ट जागेला बांधून ठेवली होती. मी ती मागितली नसती.

पण त्याच फोनवर ते म्हणाले की दिवाळीनंतर ते पुण्याला मुलीकडे राहायला जाणार. घर भाड्याने द्यायचं, जुना संगणक शेजारच्या मुलाला, पुसून.

"आणि मनेमातु?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग, "बघतो."

ऑक्टोबरात फोल्डर आला. एकच फाइल, चाळीसेक पानांची, कन्नड लिपी आणि मध्येच देवनागरी. आईच्या आणि आजीच्या तोंडचे शब्द, घराघरांतले फरक. 'अत्ते'वर दीड पान आहे: आत्या, मामी आणि सासू एकाच शब्दात कशा मावतात, आणि सासऱ्यांना मामंजी म्हणणारी मराठी घरं त्याच्या किती जवळ येतात. म्हातारी आणि सुनेच्या प्रसंगांत मी तीन ठिकाणी 'सासूबाई' लिहिलं होतं. त्यांतलं एक आता 'आत्या' होईल.

फाइल मी पेन ड्राइव्हवर कोशाशेजारी ठेवली आणि नवव्या बटणाचा पत्ता बदलला. ते आता कुठल्याही संगणकावर उघडतं. फक्त फाइलमध्ये अकरा ठिकाणी लिहिलंय, 'निळी वही पाहा'. एका ठिकाणी, 'निळी वही, माडीवरचं कपाट, मागची बाजू'. भाडेकरू जानेवारीत येणार आहेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं धारवाडचं तिकीट मी काढलंय. माडीची किल्ली शेजारी ठेवतो, असं सर म्हणाले आहेत.