शून्य रुपयांचं तिकीट

तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळी आठच्या सुमाराला जी म्हातारी माणसं दिसतात, त्यातली निम्मी तरी बिनकामाची निघालेली असतात. विचारलं तर काम सांगतात. लेकीला हळद पोचवायचीय, भाच्याच्या जमिनीचं काय झालं ते बघायचंय. आता हळद लेकीच्या गावच्या वाण्याकडेही मिळते, आणि जमिनीचं काय झालं ते भाच्यानं कालच फोनवर सांगितलेलं असतं. खरं काम एकच, घराबाहेर पडणं.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट होतंच. कंडक्टर आधार कार्डावरचं जन्मसाल बघतो आणि यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. म्हणजे आज हे तिकीट घेणारे पुष्कळ जण त्या गाडीच्या आगेमागेच जन्मले. शाळा, आठवड्याचा बाजार, वऱ्हाड, कोर्टकचेरी, पहिल्या बाळंतपणाचं माहेर, सगळीकडे त्यांना एसटीनंच नेलं.

या शून्याची खरी किंमत पैशात नाही. मुलगा चांगला असतो, मागितले तर देतो. पण मागावे लागतात, आणि मागितले की कारण सांगावं लागतं. ‘सहज’ हे कारण सत्तरीनंतर कोणी धरत नाही. दवाखान्याला घरचे आपणहून गाडी काढतात. बालमैत्रिणीकडे जायचं म्हटलं की ‘एवढ्या उन्हात?’ असं येतं. उतारवयात माणूस खचतो तो नुसत्या गुडघ्यांनी नव्हे. आपल्या दिवसाचं काय करायचं हे दुसऱ्यानं ठरवायला लागल्यावर तो जास्त खचतो.

आणि हा प्रवास आदल्या रात्रीच सुरू होतो. पिशवीत लुगडं, गोळ्यांची डबी, चष्मा, नातवंडांसाठी बिस्किटाचा पुडा. सव्वाआठची चुकली तर दहाची कुठून बदलायची, याची उजळणी. सकाळी कुणी न उठवता जाग येते. गाडीत शेजारी कोण येईल सांगता येत नाही, पण दोन थांब्यांत गाव, आडनाव आणि सोयरीक निघतेच. ‘म्हणजे तुम्ही आमच्या पाटलीणबाईंच्या चुलतघरातल्या!’ असं म्हणताना पंचवीस वर्षांपूर्वीची माणसं, त्यांची लग्नं, भांडणं एकेक करून वर येतात. स्मरणशक्तीला याहून चांगला व्यायाम घरी बसून मिळत नाही.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती परतीची संध्याकाळ. एरवी घरात म्हाताऱ्या माणसाला सगळे काही ना काही सांगत असतात: गोळी घ्या, स्वेटर घाला, टीव्हीचा आवाज कमी करा. त्याच्याकडे मात्र सांगण्यासारखं उरलेलं नसतं. गावाहून आलेल्या माणसाकडे बातमी असते. धाकट्या बहिणीच्या सुनेनं शिलाई मशीन घेतलं, नदीवरचा पूल झाला, अमक्याची वाटणी अजून अडली आहे. त्या रात्री जेवताना घर त्याचं ऐकतं. मन ताजं राहायला हे लागतंच, कुणीतरी आपली वाट पाहणं आणि कुणाला तरी सांगायला आपल्याजवळ काही असणं.

सगळ्यांना हे जमत नाही. एसटीची पहिली पायरी उंच असते. फलाटावरची घोषणा कमी ऐकू येणाऱ्यापर्यंत पोचत नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीनं कितीतरी आज्या सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. यातलं थोडं सरकारनं सुधारावं, थोडं घरच्यांनी. चढताना हात द्यावा, कानाचं यंत्र ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नये. ऐकू येत नाही म्हणून माणूस आधी हो-हो करतो, मग बोलणंच सोडतो.

आणि नेहमी निघणारा माणूस निघायचा थांबला तर लक्ष द्यावं. गाडी तीच, बहीण तीच, तरी ‘नको आता’ म्हणतो. जेवण कमी होतं, झोप मोडते, भजनातही मन लागत नाही. असं पंधरा दिवस चाललं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. उदासी हा म्हातारपणाचा भाग नसतो. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध असतं. गावच्या डॉक्टरला सांगावं, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलावं.

ज्याला खरंच हलता येत नाही, त्याच्याकडे आपण जावं. आपल्याला तर तिकिटाचे पैसेही मागावे लागत नाहीत. आणि ज्याला हलता येतं, त्याच्या वाटेत उभं राहू नये. पिशवी घेऊन दाराशी आलेल्या आईला किंवा वडिलांना ‘कुठं निघालात?’ जरूर विचारा. त्या विचारण्यात काळजी असू द्या, हरकत नको.